सिग्नल बदलताना

धावत्या गाडीला थांबायला अंतर लागते, आणि रेल्वे सिग्नलिंगचे सगळे शास्त्र या एका अडचणीतून उभे राहिले आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फिरते तेव्हा घर्षण फार कमी असते. त्यामुळेच हजारो टनांची मालगाडी इंजिनाला ओढता येते, आणि त्यामुळेच ब्रेक लावल्यावर ती लगेच उभी राहत नाही. ताशी १३० किलोमीटर वेगाच्या प्रवासी गाडीला पूर्ण थांबायला किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागते. लोको पायलटला भर उजेडात, सरळ मार्गावर काही शे मीटर पुढचे नीट दिसते. घाटातल्या वळणावर किंवा पावसाच्या सरीत तेवढेही दिसत नाही. समोर उभी गाडी दिसली की ब्रेक लावू, हा हिशेब रेल्वेत जमतच नाही. पुढची वाट मोकळी आहे की नाही, हे त्याला दुसऱ्या कुणीतरी बरेच आधी सांगावे लागते.

सांगणाऱ्याने दोन खात्र्या करून घ्यायच्या असतात. दोन स्थानकांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी आहे, ही पहिली. तिला ब्लॉक म्हणतात. गाडी ज्या पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलण्याच्या जागांवरून, जाणार ते योग्य बाजूला बसून कुलूपबंद झाले आहेत आणि त्याशिवाय पुढे जाण्याचा सिग्नल मिळूच शकत नाही, ही दुसरी. तिला इंटरलॉकिंग म्हणतात. आज या गोष्टी इतक्या उघड वाटतात, की त्या नव्हत्या असा काळ डोळ्यांसमोर आणणे कठीण जाते. एकोणिसाव्या शतकात अनेक मार्गांवर एक गाडी सोडल्यावर ठरावीक मिनिटे थांबून दुसरी सोडत. पहिली वाटेत अडकली असेल, तर दुसरीला ते कळायला मार्ग नव्हता. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवले गेले आणि ते उलटे घरंगळत मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत मुले पुष्कळ होती. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने ब्लॉक, इंटरलॉकिंग आणि सलग ब्रेक प्रवासी मार्गांवर सक्तीचे केले. सिग्नलिंगच्या नियमपुस्तकांतली अनेक कलमे अशी मृत्यूनंतर लिहिली गेली आहेत, आणि या खात्यात नवीन आलेल्या माणसाला ती कलमे कशामुळे आली हे सांगितले, तर तो ती जास्त नेमकेपणाने पाळतो.

भारतातल्या जुन्या पद्धतीत या खात्र्या माणसाच्या अंगमेहनतीवर चालत. केबिनमध्ये लिव्हरची रांग असे. तिथून शेकडो मीटर लांब तारेने सिग्नलचा हात आणि लोखंडी रॉडने पॉइंट हलत. उन्हाळ्यात तार सैल पडे आणि थंडीत ताठ होई, म्हणून ती ऋतूप्रमाणे ओढून घ्यावी लागे. सिग्नलच्या दिव्यात रॉकेल घालणारा लॅम्पमन रोज खांब चढे. लिव्हरच्या खाली लोखंडी पट्ट्यांची जाळी असे. चुकीचा लिव्हर ओढायला जावे तर ती पट्टी आडवी येई आणि केबिनमनचे सगळे बळ वाया जाई. इंटरलॉकिंगचा हा सर्वांत प्रामाणिक प्रकार होता, असे जुने सिग्नलवाले मानतात. यंत्राचा नकार हाताला थेट जाणवे आणि तो कशामुळे आला, हे खाली वाकून डोळ्यांनी पाहता येई.

एकेरी मार्गावर टोकनची पद्धत होती. नीलच्या टोकन यंत्रातून पोलादी गोळा काढायचा, तो चामडी पिशवीत घालून मोठ्या कडीला अडकवायचा आणि जाणाऱ्या गाडीच्या चालकाच्या हाती द्यायचा. दोन्ही स्थानकांची यंत्रे विजेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर असताना दुसरा कोणत्याच टोकाला निघत नसे. गोळा हातात असेल तोच पुढे जाणार. या पद्धतीत संशयाला जागा फार थोडी होती, पण वेगालाही नव्हती. मेल गाडीला टोकन घेण्यासाठी वेग उतरवावा लागे, रात्री-अपरात्री पॉइंट्समनला कडी उंच धरून रुळाशेजारी उभे राहावे लागे, आणि मार्गावरच्या गाड्या वाढल्या की सगळा कारभार त्या कडीशी अडे. एकेका मार्गावर गाड्या दुप्पट-तिप्पट झाल्या तेव्हा हे सगळे बदलावेच लागले.

बदलाची पहिली मोठी पायरी म्हणजे ट्रॅक सर्किट. विल्यम रॉबिन्सनने १८७२ मध्ये अमेरिकेत त्याचे पेटंट घेतले. तत्त्व साधे आहे. रुळांचा एक तुकडा दोन्ही टोकांना विद्युतरोधक सांध्यांनी वेगळा करायचा, एका टोकाकडून त्यात कमी दाबाचा प्रवाह सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला रिले, म्हणजे प्रवाहावर चालणारा स्विच, जोडायचा. तुकडा मोकळा असेल तर प्रवाह रिलेपर्यंत पोचतो आणि रिले उचललेला राहतो. गाडीचे पहिले चाक आत आले की दोन्ही रूळ अक्षातून जोडले जातात, प्रवाह मधूनच परततो, रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, जोडतार निसटली, बॅटरी उतरली, तरीही रिले पडतोच. बिघाड झाला तर तो सुरक्षित बाजूलाच झुकला पाहिजे, हा सिग्नल खात्याचा मूळ धर्म आहे. रिलेची घडणसुद्धा याच विचारातून झाली: प्रवाह गेला की त्याचा भाग स्वतःच्या वजनाने खाली येतो, आणि संपर्काच्या एका बाजूला कार्बन असतो, म्हणजे ठिणगीने दोन टोके वितळून चिकटत नाहीत.

मात्र सुरक्षित बाजूला झुकणारा बिघाडही बिघाडच असतो, आणि तो निस्तरणारा माणूस पावसात भिजतो. मुंबईत कुर्ला-सायनच्या सखल पट्ट्यात पाणी रुळाला लागले की खडीतून प्रवाह गळतो, ट्रॅक सर्किट पडते आणि समोर गाडी नसतानाही सिग्नल लाल राहतो. प्रवाशाला एवढेच कळते की लोकल थांबली आहे. त्या वेळी सिग्नल मेंटेनर आणि त्याचा मदतनीस खलाशी रुळाशेजारच्या लोकेशन बॉक्सकडे निघालेले असतात. एका हातात मीटर, दुसऱ्या हातात छत्री असते, आणि छत्री उघड्या बॉक्सवर धरायची असते. रिले पडायला हवा तेव्हा पडतो की नाही हेही त्यांना नियमाने तपासावे लागते. दोन रुळांवर अर्ध्या ओहमचा रोध ठेवून रिले पडला पाहिजे. नाही पडला, तर ते सर्किट गंजलेल्या रुळावरची हलकी गाडी ओळखणार नाही. ही चाचणी केल्याने गाडी एक मिनिटही लवकर सुटत नाही, म्हणून घाईच्या दिवसांत तिच्यावर सर्वांत आधी गदा येते. चांगला निरीक्षक नेमक्या अशा दिवसांत चाचणीची वही मागवतो.

मुंबईच्या उपनगरी मार्गाने सिग्नलवाल्यांना आणखी एक धडा दिला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला अशी पहिली विजेची गाडी धावली ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. पुढे देशाने २५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह स्वीकारला. परतीचा प्रवाह रुळांतूनच जातो. म्हणून जिथे गाड्या एकदिश प्रवाहावर तिथे ट्रॅक सर्किट प्रत्यावर्ती ठेवतात, आणि जिथे गाड्या प्रत्यावर्तीवर तिथे ट्रॅक सर्किट एकदिश. नाहीतर गाडीचाच प्रवाह रिलेला उचलून धरेल आणि भरलेला रूळ मोकळा दिसेल. मुंबईत दाब बदलायचा, तर रोज लाखो माणसे वाहणाऱ्या मार्गावरची ट्रॅक सर्किटे आधी बदलायला हवी होती, आणि बदलाच्या मधल्या काळात त्यांना दोन्ही प्रवाहांना न बधता काम करायचे होते. काही ठिकाणी वेगळ्या वारंवारतेवरची सर्किटे आली, काही ठिकाणी चाके मोजणारे अ‍ॅक्सल काउंटर आले, आणि लोकलही दोन्ही दाबांवर चालणाऱ्या घ्याव्या लागल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ मध्ये पुरे झाले. वर्तमानपत्रांत रविवारच्या मेगाब्लॉकची चौकट दर आठवड्याला छापून येते. तिच्या मागे अशा कामांची वर्षानुवर्षांची साखळी असते.

लिव्हर गेले तेव्हा बटणांचे पॅनेल आले, आणि पॅनेलच्या मागे खोलीभर रिले आले. मोठ्या स्थानकाच्या रिले रूममध्ये हजारो रिले एकाच वेळी टकटकत असतात. अनुभवी मेंटेनरला त्या आवाजावरून कोणता मार्ग लागतो आहे हे कळते. आता रिले रूमची जागा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग घेत आहे. देशात सहा हजारांहून अधिक स्थानकांवर केंद्रातून चालणारे विद्युत किंवा इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंग बसले आहे. नव्या यंत्रात तोच तर्क प्रोसेसरमध्ये असतो. एक प्रोसेसर चुकू शकतो म्हणून दोन किंवा तीन प्रोसेसर तोच हिशेब करतात आणि त्यांचे उत्तर जुळले तरच पॉइंट हलतो. जागा कमी लागते, बिघाडाची नोंद आपोआप होते, यार्डात एखादी लाइन वाढली तर शेकडो तारा नव्याने ओढाव्या लागत नाहीत. पण जे आधी डोळ्यांना दिसत होते ते आता दिसत नाही. मेंटेनरला लोखंडी पट्टी किंवा रिलेचा संपर्क पाहून खात्री करता येत होती. प्रोसेसरमधला तर्क त्याला फक्त कागदावरच्या तक्त्यातून आणि चाचणीतून कळतो. कोणत्या मार्गासाठी कोणते पॉइंट, कोणती ट्रॅक सर्किटे आणि कोणते परस्परविरोधी सिग्नल तपासायचे, हे मांडणारा तक्ता म्हणजे स्थानकाची सगळी सुरक्षा. त्यातली एक चौकट चुकली तर तिन्ही प्रोसेसर एकमताने चुकतील.

जुने जाऊन नवे येते त्या रात्रीला रेल्वेत नॉन-इंटरलॉकिंग म्हणतात. सिग्नल खात्याच्या आयुष्यातले सर्वांत जोखमीचे तास हेच. जुने इंटरलॉकिंग उघडलेले असते, नवे अजून तपासून झालेले नसते, आणि गाड्या तर थांबलेल्या नसतात. तेवढ्या काळापुरते स्थानक दीडशे वर्षे मागे जाते. पॉइंट हाताने फिरवायचे, क्लॅम्प लावायचा, कुलूप घालायचे, किल्ली स्टेशन मास्तरांकडे द्यायची, आणि गाडी हातातल्या कागदावर, बेतानेच पुढे घ्यायची. त्या रात्री यार्डात दूरच्या विभागांतून आलेली माणसे असतात. त्यांना स्थानकाची ओळख नसते, झोप अपुरी असते, आणि फोनवर कंट्रोलकडून सारखी विचारणा चालू असते. आधुनिकीकरणाबद्दल लिहिताना यंत्राचेच वर्णन होते. या रात्रीचे क्वचित होते. या विषयावर जे सांगण्यासारखे आहे त्यातले बरेचसे मात्र इथेच आहे.

२ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री पश्चिम बंगालमधल्या गैसल इथे अवध-आसाम एक्सप्रेस आणि ब्रह्मपुत्र मेल समोरासमोर आदळल्या आणि पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. चूक गैसलला सुरू झालीच नव्हती. मागे किशनगंजच्या यार्डात इंटरलॉकिंग बाजूला ठेवून काम चालू होते, तिथून गाडी चुकीच्या लाइनवर गेली आणि पुढची स्थानके ओलांडेपर्यंत ते कुणाच्या लक्षात आले नाही.

लंडनच्या क्लॅपहम जंक्शनची दुर्घटना १२ डिसेंबर १९८८ ची. तिथे जुन्या सिग्नलिंगच्या जागी नवे बसवण्याचे काम चालू होते. रिले रूममधली एक जुनी तार एका टोकाने सोडवली गेली, दुसऱ्या टोकाला तशीच राहिली. तिचे उघडे टोक कापले किंवा गुंडाळले गेले नाही. दोन आठवडे काहीच झाले नाही. मग शेजारच्या रिलेवर काम करताना ती तार हलली, आपल्या जुन्या जागी टेकली आणि तिच्यातून नको तो प्रवाह वाहू लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे गाडी उभी असूनही सिग्नल लाल झाला नाही. ३५ माणसे गेली. अँथनी हिडन यांच्या चौकशीने एका तंत्रज्ञावर बोट ठेवून काम संपवले नाही. त्या तंत्रज्ञाने आधीच्या १३ आठवड्यांत एकच दिवस सुटी घेतली होती. त्याचे काम दुसऱ्या कुणी तारा मोजून तपासले नव्हते, आणि काढलेल्या तारेचे टोक बांधण्याची पद्धत त्याला कुणी नीट शिकवलेली नव्हती. ९३ शिफारशींचा तो अहवाल जगभर सिग्नल खात्यांत वाचला जातो. त्यानंतर ब्रिटनमध्ये सुरक्षेशी संबंधित कामाच्या तासांवर मर्यादा आली आणि बदल केलेल्या सर्किटची स्वतंत्र माणसाकडून चाचणी हा कामाचा वेगळा टप्पा झाला.

इतके सगळे माहीत असूनही २ जून २०२३ ची संध्याकाळ आली. ओडिशात बालासोर जिल्ह्यातल्या बहानगा बाजार स्थानकावर कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य लाइनचा हिरवा सिग्नल होता, पण पॉइंट बाजूच्या लूप लाइनकडे बसलेला होता. गाडी उभ्या मालगाडीवर गेली, तिचे डबे शेजारच्या लाइनवरून जाणाऱ्या बंगळुरू-हावडा एक्सप्रेसच्या शेवटच्या डब्यांवर पडले, आणि २९० हून अधिक माणसे मरण पावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते असे: स्थानकाच्या उत्तरेकडच्या गुमटीत, म्हणजे सिग्नलच्या छोट्या खोलीत, पूर्वी सर्किटमध्ये जो बदल केला होता त्यात त्रुटी राहिली होती, आणि ९४ क्रमांकाच्या फाटकावर विजेवर उचलला जाणारा अडसर बसवण्याचे काम करताना तिचा परिणाम उघड झाला. २०२२ च्या मे महिन्यात त्याच खरगपूर विभागातल्या बांकरा नयाबाज स्थानकावर चुकीच्या तारजोडणीमुळे तशीच विसंगती दिसली होती. तेव्हा कुणाला इजा झाली नाही. जिच्यात माणूस मेला नाही त्या चुकीची दखल, जिच्यात माणसे मेली त्या चुकीइतक्याच गांभीर्याने घेणे हे सिग्नल खात्यातले सर्वांत अवघड काम आहे, आणि सर्वांत गरजेचेही.

फाटकाचा अडसर बदलणे हे छोटे काम, म्हणजे सुधारणाच. त्यामुळेच या घटनेचा विचार करणाऱ्याला चैन पडत नाही. सिग्नलच्या कामाचा आकार आणि त्याची जोखीम यांचा काहीही संबंध नसतो. म्हणून नियम असा आहे की कोणताही गिअर काढण्यापूर्वी सिग्नलवाल्याने मास्तरांना डिस्कनेक्शनचा मेमो द्यायचा, मास्तरांनी सही करायची, आणि काम झाल्यावर मास्तरांच्या समक्ष चाचणी करून रिकनेक्शनचा मेमो द्यायचा. रिले रूमला दोन कुलुपे असतात, एक किल्ली मास्तरांकडे, एक सिग्नल खात्याकडे. एकट्याने आत जाता येऊ नये म्हणून. दार उघडले की डेटा लॉगरमध्ये वेळेसह नोंद पडते. बहानगानंतर गुमट्या आणि रिले हट यांना दुहेरी कुलुपे लावण्याची देशभर मोहीम निघाली. पण गाडी मागे उभी असते, मास्तरांवर वेळेचा दाब असतो, आणि "पाच मिनिटांत होईल, मेमो नको" असे दोन्ही बाजूंना वाटण्याचा मोह रोजचा असतो. मेमो मागणाऱ्या मेंटेनरला कटकट्या म्हणणारे स्थानक आणि त्याच्यामागे उभे राहणारे स्थानक, यांत मोठे अंतर आहे. दुसऱ्या प्रकारचे स्थानक कोणत्याही निविदेत विकत मिळत नाही.

लाल सिग्नल ओलांडला जाणे हा मात्र वेगळा धोका आहे. इंटरलॉकिंग अचूक असूनही चालकाची नजर चुकते, डुलकी लागते, धुक्यात खांब दिसत नाही. मुंबईच्या लोकलमध्ये यासाठी ऑक्झिलरी वॉर्निंग सिस्टम आहे: सिग्नलजवळच्या चुंबकावरून गाडी गेली की मोटरमनला इशारा मिळतो, त्याने ठरावीक सेकंदांत बटण दाबले नाही किंवा वेग उतरवला नाही तर ब्रेक लागतो. पण ती लोकलपुरती, ठरावीक जागांपुरतीच. लांब पल्ल्याच्या मार्गांसाठी पहिला मोठा देशी प्रयत्न कोकण रेल्वेने केला. गैसलनंतर तिचे तेव्हाचे व्यवस्थापकीय संचालक बी. राजाराम यांनी टक्करविरोधी यंत्रणा मांडली. इंजिनावरचे यंत्र उपग्रहावरून स्वतःची जागा ओळखे, रेडिओवरून जवळच्या गाड्यांशी बोले आणि धोका वाटला तर ब्रेक लावी. ती कोकण रेल्वेवर आणि ईशान्य सीमांत रेल्वेवर बसली. अडचण आली ती शेजारशेजारच्या रुळांची. उपग्रहाच्या त्या काळच्या अचूकतेवर गाडी मुख्य लाइनवर आहे की पलीकडच्या, हे खात्रीने सांगता येत नव्हते, आणि यंत्रणेला इंटरलॉकिंगची माहिती नव्हती. नको तिथे ब्रेक लागू लागले की चालकाचा विश्वास उडतो, आणि विश्वास उडालेले यंत्र तो बंद करून ठेवतो. त्या प्रयत्नाला अपयशी म्हणून सोडून देणे अन्यायाचे होईल. पुढच्या यंत्रणेला काय टाळायचे ते त्यातूनच कळले.

अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये सुमारे १९ हजार किलोमीटर मुख्य मार्गांवर सतत ट्रॅक सर्किट आणि चालकाच्या केबिनमध्ये सिग्नल दाखवणारी प्रगत यंत्रणा बसवण्याची शिफारस केली होती. खर्चाचा आकडा २० हजार कोटींचा होता. ती तशीच्या तशी अमलात आली नाही. देशाने स्वतःची यंत्रणा घडवण्याचा मार्ग धरला, लखनौच्या आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेने भारतीय कंपन्यांबरोबर ती विकसित केली, २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या सुरू झाल्या, आणि जुलै २०२० मध्ये 'कवच' ही राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली.

कवच आपली जागा उपग्रहावरून ठरवत नाही. स्लीपरवर साधारण दर किलोमीटरला आणि प्रत्येक सिग्नलजवळ बसवलेला आरएफआयडी टॅग इंजिन वरून जाताना वाचते, आणि आपण कोणत्या लाइनवर, कुठे आहोत हे ओळखते. स्थानकातले कवच-यंत्र इंटरलॉकिंगकडून सिग्नलची स्थिती घेते आणि ४० मीटर उंच मनोऱ्यावरून रेडिओने इंजिनाला कळवते. पुढे किती अंतर जायची परवानगी आहे ते चालकासमोरच्या पडद्यावर उमटते. वेग मर्यादेबाहेर गेला की आधी सूचना, मग ब्रेक. फाटक जवळ आले की शिटी आपोआप वाजते. ४ मार्च २०२२ रोजी तेलंगणातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान दोन इंजिने एकमेकांच्या दिशेने सोडण्यात आली. एकात रेल्वेमंत्री स्वतः होते. कवचने इंजिन दुसऱ्यापासून ३८० मीटरवर थांबवले. पहिल्या टप्प्यात दक्षिण मध्य रेल्वेवर १,४६५ किलोमीटर मार्गावर कवच बसले, आणि त्यात महाराष्ट्राचा मोठा पट्टा आला: मनमाड वगळून पुढे छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, मुदखेड. देशातल्या सुरुवातीच्या सलग कवच मार्गांपैकी एक मराठवाड्यातून जातो, हे मराठी वाचकांपर्यंत फारसे पोचलेलेच नाही.

बसवण्याचे काम मनोऱ्याच्या छायाचित्रातून कळत नाही. आधी प्रत्येक स्थानकाचे सर्वेक्षण करावे लागते: सिग्नल, पॉइंट, फाटक, चढउतार, वेगमर्यादा, सगळ्यांची जागा मीटरपर्यंत अचूक. जुना नकाशा आणि प्रत्यक्ष खांब यांत फरक निघतोच. मग टॅग स्लीपरवर घट्ट बसवायचे. पुढे ट्रॅकच्या माणसांनी स्लीपर बदलला तर टॅग परत त्याच जागी यायला हवा, म्हणून सिग्नल खाते आणि अभियांत्रिकी खाते यांना एकमेकांशी रोज बोलत राहावे लागते. इंजिनावर काम आणखी किचकट. डिझेल, विजेची जुनी, विजेची नवी अशी इंजिनांची जातकुळी वेगवेगळी, त्यांच्या ब्रेकच्या वायुनळ्या वेगवेगळ्या. भरलेली मालगाडी आणि २० डब्यांची एक्सप्रेस यांचे थांबण्याचे गणित सारखे नसते, म्हणून गाडीचा प्रकार निघताना नोंदवावा लागतो. गणित फार सावध धरले तर गाडी सिग्नलच्या फार अलीकडे थांबते, मार्गाची क्षमता घटते आणि चालक वैतागतो; सैल धरले तर यंत्रणेचा हेतूच उरत नाही. हा मेळ जुळवायला चाचण्यांमागून चाचण्या घ्याव्या लागतात.

परस्परमेळाचा प्रश्न इथेच येतो. नांदेडहून मुंबईला निघालेले इंजिन मनमाडला मध्य रेल्वेत शिरते. इंजिन एका कंपनीच्या यंत्राचे, स्थानक दुसऱ्या कंपनीच्या यंत्राचे, तरी दोघांना एकच भाषा बोलता आली पाहिजे, संदेश खरा आहे याची खात्री करणाऱ्या गुप्त किल्ल्या दोघांकडे जुळल्या पाहिजेत, आणि कवचची हद्द कुठे संपते हे चालकाला नक्की कळले पाहिजे. म्हणून आरडीएसओचा एकच विनिर्देश सर्व कंपन्यांना बंधनकारक आहे. युरोपला हा धडा महागात पडला. फ्रान्स, जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स, प्रत्येकाने आपापली यंत्रणा उभारली, आणि पॅरिसहून निघणाऱ्या थॅलिस गाडीच्या केबिनमध्ये सात वेगवेगळ्या यंत्रणा भराव्या लागल्या. १९९६ मध्ये युरोपीय संघाने परस्परमेळाचा निर्देश काढला आणि ईटीसीएस ही समान यंत्रणा पुढे आणली. तरीही तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या एकमेकींशी जुळवण्यात दशके गेली. भारतात रेल्वेचे जाळे एकाच मालकीचे असल्याने तो गोंधळ टाळणे शक्य आहे, पण आवृत्त्यांचा प्रश्न इथेही आहे. जुलै २०२४ मध्ये कवचची ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. तिच्यात जागेची अचूकता वाढली, मोठ्या यार्डांत सिग्नलची माहिती नीट मिळू लागली आणि इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगशी थेट जोडणी आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सवाई माधोपूर-कोटा या १०८ किलोमीटरवर ती सुरू झाली. आधीच्या आवृत्तीची स्थानके आणि इंजिने आता तिच्याशी जुळवून घ्यावी लागतात, आणि पुढे ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातल्या एलटीई रेडिओशीही.

कवचच्या मर्यादा मोकळेपणाने सांगितल्या पाहिजेत. त्याला पुढच्या वाटेबद्दल जे कळते ते इंटरलॉकिंगकडून. पॉइंट लूपकडे असताना गुमटीतली चुकीची तार तो मुख्य लाइनकडे असल्याचे सांगत असेल, तर कवच चालकाला पूर्ण विश्वासाने तीच चुकीची परवानगी देईल. रिले रूममधल्या तारांची मोजणी कवच आल्याने कमी महत्त्वाची होत नाही.

आणि यंत्रे बंद पडणारच. १७ जून २०२४ ला सकाळपासून उत्तर बंगालमध्ये रंगापानीजवळचे स्वयंचलित सिग्नल बिघडले होते, तेव्हा गाड्या कागदी परवान्यावर सोडल्या गेल्या. कांचनजंगा एक्सप्रेसच्या मागून मालगाडी येऊन आदळली आणि दहा जण गेले. प्राथमिक अहवालात निघाले की दिलेला परवाना योग्य नमुन्याचा नव्हता, त्यावर वेगाची मर्यादा नव्हती, आणि त्या सकाळी गेलेल्या सात गाड्यांपैकी प्रत्येक बिघडलेल्या सिग्नलपाशी थांबून हळू जाण्याचा नियम एकट्या कांचनजंगाने पाळला. सहा चालक एकाच दिवशी बेशिस्त झाले असे मानण्यापेक्षा, नियम त्यांच्यापर्यंत स्पष्टपणे पोचलाच नव्हता असे मानणे जास्त खरे आहे. सिग्नल जितके भरवशाचे होतात तितका बिघाडाच्या वेळचा नियम वापरायचा प्रसंग विरळा होतो आणि तो विसरला जातो. म्हणून सिकंदराबादच्या इरिसेट या प्रशिक्षण संस्थेत सिग्नल अभियंत्यांना आणि चालकांच्या प्रशिक्षण केंद्रांत सिम्युलेटरवर लोको पायलटना जितके यंत्र चालवायला शिकवतात, तितकेच यंत्र बंद असताना काय करायचे तेही शिकवावे लागते, आणि ते दर काही महिन्यांनी परत उजळावे लागते.

नवे इंटरलॉकिंग सुरू झाल्यावर कामाचे शेवटचे टप्पे उरतात. काढलेल्या तारा दोन्ही टोकांनी सोडवून खोलीबाहेर नेतात. जमिनीतल्या मृत केबलींवर खूण करतात. पॅनेलवरून प्रत्येक मार्ग आणि प्रत्येक परस्परविरोधी मार्ग लावून पाहतात, नकार यायला हवा तिथे तो येतो की नाही हे तक्त्याशी ताडतात. मग बदललेले नकाशे सहीनिशी रिले रूममध्ये ठेवतात आणि जुने परत घेतात, म्हणजे दोन वर्षांनी रात्री दोन वाजता बिघाड शोधायला येणाऱ्या मेंटेनरच्या हातात खोलीतल्या तारांशी जुळणारा एकच नकाशा असेल.